लाजाळूतली वाट

"लाजाळू कसली? झोपाळू म्हण," बडबड्या म्हणाला. "आमचे बाबा तेच म्हणतात. संध्याकाळी आपोआप मिटते ना."

वर्कशॉपच्या मागच्या कुंपणाबाहेर, पसरलेल्या लाजाळूच्या कडेला तिघं उकिडवी बसली होती. बडबड्या, शेजारच्या ड्रायव्हरची मुलगी चष्मा, आणि बडबड्याची मामेबहीण मधली. सुट्टी लागली होती आणि करायला काही नव्हतं.

चष्म्याने सांगितलं की तिच्या बाबांनी एका बंदरात हिचं नाव 'मेली-जगली' ऐकलंय. झालं, दोघांची जुंपली. ज्याच्या घरी सुना मान खाली घालतात त्याने लाजाळू म्हटलं, ज्याची पोरं झोपत नाहीत त्याने झोपाळू. झाड बिचारं एकच.

मधलीच्या कानावर हे सगळं भिंतीपलीकडून यावं तसं येत होतं. तिचे वडील इथले रखवालदार. तांब्याच्या तारेची भेंडोळी नाहीशी होत होती आणि फाटकाचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे चोर रखवालदारच, असं मालकाने चारचौघांत सांगून टाकलं होतं. शनिवारी नोकरी जाणार, नोकरीबरोबर राहती खोलीही. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. मधलीला ना राग येत होता, ना रडू.

"मग भर उन्हात का मिटलीय?" ती म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. सगळीकडे पानं उघडी होती आणि मधोमध, भांग पाडावा तशी, मिटलेल्या पानांची एकच रेघ. कुंपणापासून थेट भंगारवाल्याच्या दुकानामागे.

मुकादमाला सांगितलं तर तो हसला. लाजाळूच ती, वाऱ्यालाही लाजते, म्हणाला आणि डबा उघडून बसला. चष्म्याने पुठ्ठ्याने वारा घालून पाहिला. इथली तिथली चार पानं मिटली, रेघ काही उमटली नाही. रेघ पायांनीच पडते. शिवाय पानं थोड्या वेळाने उघडतात, म्हणजे कुणीतरी नुकतंच गेलेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिघं पिंपामागे लपली. कुंपणाचा एक पत्रा सरकला. मालकाचा लाडका भाचा, ऑफिसात पंख्याखाली बसणारा, खांद्यावर भेंडोळं घेऊन वाकून बाहेर आला.

बडबड्या मालकाकडे पळाला. मालकाला झाडाची गोष्ट पटणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तुमचा भाचा मागे पडलाय, उठत नाहीये, असं त्याने ठोकून दिलं.

तोवर मधली चपला काढून, आवाज न करता, लाजाळूतून चालत गेली आणि भाच्याच्या वाटेत उभी राहिली.

"बाजूला हो. भीती नाही वाटत?"

"नाही," ती म्हणाली. खरंच वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

मालक खरकट्या हाताने धावत आला. भाचा चांगला दोन पायांवर उभा होता, आणि खांद्यावर भेंडोळं.

संध्याकाळी मालकाने पोरांची तोंडभरून स्तुती केली. मधलीची आत्या, म्हणजे बडबड्याची आई, कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"हुशारीचं राहू द्या. माझ्या भावाला चोर म्हणालात ते फाटकाशी, चारचौघांत. शब्द मागे घ्यायचा तोही तिथेच."

मालकाने घेतला. सगळे कामगार बघत होते. वडिलांनी गणवेश चढवला आणि कामावर गेले.

आत्याने मधलीचे पाय मांडीवर ओढले. लाजाळूला काटे असतात. तळवे भरले होते. आत्या सुईने एकेक काढत होती आणि मधली दुसऱ्याच कुणाचे पाय असावेत तशी पाहत होती. मग मध्येच तिने पाय मागे घेतला.

"आत्या, दुखतंय." आणि ती हमसून रडायला लागली.

"दुखू दे," आत्या म्हणाली आणि पाय पुन्हा ओढून घेतला.