बारावं माणूस

हेमराज धुळ्याला गेला. पण ते झालंच नाही असं धरून मी सुरुवात करते.

जळगावात कुंदाबाईंकडे शिवायला टाकलेला ब्लाऊज आणायला गेले, तर दारात चपलांचा ढीग. आत प्रार्थना चाललेली. चर्चची इमारत नाही, घंटा नाही. शिलाई मशीन भिंतीला सरकवून सतरंजी अंथरलेली. गिटारवाल्या मुलाने, म्हणजे हेमराजने, मान वर केली...

"सिस्टर, बसा ना."

आवडलेल्या मुलाने पहिल्याच वाक्यात बहीण केलेली मी जिल्ह्यात एकटीच असेन.

"ब्लाऊज न्यायला आलेय."

"हुक लावायचे राहिलेत. तोवर एक गाणं?"

हुकांना तीन गुरुवार लागले. मग मी नुसतीच जाऊ लागले. नवीन माणूस आणलं की हेमराज माझ्याकडे बघून हसायचा. त्या हसण्यापायी मी मावशी आणली, असोद्याची मैत्रीण आणली, रिक्षावाले तोतारामभाऊ आणले. अकरा झालो, आणि हा हसेनासा झाला.

"आता कोणाला आणू नकोस," जिन्यात तो म्हणाला. 'आणू नका' नाही — 'नकोस'!

"का? देवाकडे हाऊसफुल्ल?"

"तसं नाही गं... बारा झाले की—"

तेवढ्यात माझ्या शेजारच्या धुरपदाबाई धापा टाकत वर आल्या. "मृणाली, आठेच शे ना व माय तुनी प्रार्थना?" इथेच असते, हे मीच त्यांना कधीतरी सांगून बसले होते.

बारा झाले म्हणून आत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असे सगळे गट बघणाऱ्या पास्टर योगराजांनी नियम सांगितला: बारा झाले की गट चालवणाऱ्याने दुसऱ्या गावी नवा गट सुरू करायचा. हेमराजला धुळे. जुना गट, ज्याने माणसं जोडली त्याच्याकडे. म्हणजे माझ्याकडे. डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला.

"मीपण येते," बसस्टँडवर मी म्हणाले.

"आणि तुझी माणसं?"

तोतारामभाऊंना दारू सोडून सव्वीस दिवस झाले होते. रोज संध्याकाळी ते मला फोन करून 'आज बी नाही' एवढंच सांगायचे.

"एक सांगू?" हेमराज म्हणाला. "बारावं माणूस येऊ नये म्हणून मी महिनाभर प्रार्थना केली. गट चालवणारा मी... लाज वाटते."

"मग?"

"देवाने धुरपदाबाईंना पाठवलं."

आम्ही खूप हसलो. हसता हसता त्याने डोळे पुसले. मग बस लागली.

मा. पास्टर योगराज यांस सविनय विनंती की, धुरपदाबाई प्रार्थना सुरू होताच झोपतात. सबब त्यांना अर्धं माणूस धरावं, आमचा गट साडेअकराचा समजावा, व ब्रदर हेमराज यांना धुळ्याहून तातडीने परत बोलवावं.

आपली विश्वासू,
सिस्टर मृणाली