पुढचं पान

फ्रीसलंड प्रांतातल्या एका कालव्याकाठच्या वृद्धाश्रमात हिस्के रोज दुपारी कॉफीच्या वेळेला जायची, काखेत अल्बम घेऊन. बाबांची आठवण गळत चालली होती. आधी शेजारी गेले, मग कधीची वारलेली बायको, आणि गेल्या हिवाळ्यात खुद्द हिस्के. तिला ते नर्स समजून "ताई" म्हणायचे. एकदा, फक्त एकदा, त्यांनी आपल्याला नावाने हाक मारावी, एवढ्यासाठी तिने खोक्यांतले सगळे फोटो उपसले होते. स्वतःचा फोटो मुद्दाम शेवटी चिकटवला होता. तिथवर पोचेपर्यंत बाबा तयार होतील, असा हिशेब.

आणि गंमत म्हणजे, जमू लागलं!

"ही आल्टा, माझी मेहुणी!" पहिल्याच पानावर बाबांनी बोट टेकवलं. "हिच्या वाटाण्याच्या सूपात चमचा उभा राहायचा आणि पाहुणा आडवा व्हायचा!"

हिस्के हसता हसता रडली.

रविवारी भावाचा, दाउवेचा, वाढदिवस. गोल मांडलेल्या खुर्च्या भरल्या होत्या. तिकडच्या रीतीप्रमाणे दाउवेपासून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घेत, सगळ्यांचंच अभिनंदन करत ती एका म्हातारीपाशी आली.

"अभिनंदन. आपण दाउवेच्या शेजारीण का?"

सगळे खो खो हसले. म्हातारी मात्र हसली नाही. "अगं, आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्यात."

"बाबांची लागण झाली वाटतं," दाउवे केक कापत म्हणाला. "आल्टा मावशी आहे ती, बयो!"

हिस्केने तो चेहरा निरखला. काहीच नाही. धुक्यात पलीकडचा काठ दिसू नये, तसं.

बाबांना सापडलेली आल्टा तिच्यातून गेली होती. तिने अल्बम कपाटात टाकला. आठवडा संपायच्या आत बाबा पुन्हा बुडाले. जेवण तसंच परत जाऊ लागलं. तिन्हीसांजेला खिडकीच्या काचेला कपाळ टेकून विचारायचे, "मला न्यायला कोणीच कसं येत नाही हो?"

कुठल्या लेकीला ऐकवेल हे? अल्बम पुन्हा निघाला.

मग रोज एक पान. पान उलटलं की बाबांच्या डोळ्यांत दिवा लागायचा आणि हिस्केच्या डोक्यातली एक खोली अंधारायची. शाळा गेली. आईचा आवाज गेला. एक दिवस दाउवेही गेला. म्हणजे माणूस धडधाकट, फोनवर ओरडत होता, पण तिच्या लेखी कोणी परका.

"हिस्के, थांबव हे! नाहीतर येऊन जाळतो तो अल्बम."

"जाळा," ती म्हणाली. "पण आपण कोण, ते कळलं नाही. आणि मग माझ्या बाबांचं काय?"

शेवटच्या पानाच्या दिवशी धुकं खिडकीला येऊन टेकलं होतं. खोलीत शिळ्या कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास.

"पुढचं पान..." बाबा कुजबुजले.

"आज राहू द्या ना, बाबा..."

"उलटा ना, ताई. जवळ आलंय काहीतरी. ऐकू येतंय... बर्फावर खुर्ची घासतेय कोणी."

तिलाही ऐकू येत होतं. खर्र... खर्र... खिडकीखालून, कालव्यातून. कालव्यात तर अजून बर्फ धरला नव्हता. पाणी काळं आणि मोकळं होतं.

तिने हात मागे घ्यायचा म्हटला. पण पान तिच्याच हाताने उलटलं.

गोठलेला कालवा. लोकरी टोपीतली इवलीशी पोर, स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत स्केट्सवर पहिली पावलं टाकणारी.

"हिस्के!" बाबांच्या गळ्यातून हुंदका फुटला. "माझी हिस्के!" आणि त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नीट, ओळखून. जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती हाक.

समोरची बाई अदबीने उठली. म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "अभिनंदन. आपली मुलगी का? गोड आहे हो."

"अगं, तूच ती... पोरी, तूच..."

ती कसनुशी हसली. या म्हाताऱ्याला कसं समजवावं, तिला कळेना.

खर्र... आवाज आता बाहेरच्या व्हरांड्यात आला होता. दारापाशी थांबला. मग कोणीतरी हलकेच दार ठोठावलं. अगदी खालून... कडीपर्यंत हात पोचत नसावा, इतक्या खालून.