चारशे तासांत एकही प्रश्न नव्हता

वॉर्ड क्रमांक चारच्या संवादनोंदीतलं वाक्य : "तुम्हाला या औषधाचा कधी त्रास झालेला नाही." पुढे : रुग्णाने मान डोलावली.

कोडर खोऱ्यात माणूस गेलं की नवं पीक घरात येईपर्यंत त्या घरातली माणसं कुणाला काही विचारत नाहीत. त्यांनाही कुणी 'का' म्हणत नाही.

विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, पान सतरा. कोडरी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी वर्षभरात नोंदवलेल्या शंका : शून्य. खाली अभिनंदनाचा ठराव.

डॉ. केळुसकरांना सत्कारात मिळालेली शाल अजून घडीतच आहे.

सात वर्षांपूर्वी, ध्वनिमुद्रणाच्या प्रकल्पाची मुदत एकतीस मार्चला संपत होती.

*

"पुन्हा लावते," इरावती बोंद्रे म्हणाली.

भाषायंत्राच्या प्रयोगशाळेत दोघंच होती. इरावतीने यंत्र बांधलं होतं; अनिरुद्ध केळुसकरांनी त्याला भाषा दिली होती. सात वर्षांपूर्वी ते कोडर खोऱ्यात जाऊन एका घरातलं चारशे तासांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून आले. तेच वाक्बीज. त्यातून यंत्रगुरू उगवला, आणि अकराशे चाळीस मुलं स्वतःच्या भाषेत शरीरशास्त्र, हिशेबशास्त्र, शेती शिकू लागली. तोच यंत्रगुरू विद्यार्थ्यांच्या कानातल्या दुभाष्यातही होता.

वॉर्डातल्या ध्वनिमुद्रणातून सुमलीचा आवाज आला. परिचारिका अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिने कोडरीत रुग्णाला सरळ विचारलं होतं : या औषधाचा कधी त्रास झालाय का? दुभाष्याने मराठीत सांगितलं : त्रास झालेला नाही. लोखंडे नावाच्या त्या माणसाला वाटलं, यांनी कागद बघितले असतील. त्याने मान डोलावली. इंजेक्शननंतर वीस मिनिटांत तो गेला.

"तिने विचारलं होतं," केळुसकर म्हणाले.

"विचारलं होतं. यंत्राने गिळलं."

"पण त्याला मराठीत प्रश्न कळतात!"

"मराठीत कळतात. कोडरीतून येणाऱ्या वाटेवर नाही. सर, हे बीजात जे ऐकतं तेवढंच खरं मानतं. उरलेलं सगळं गोंगाट. कोडरीत 'झालं का' हे 'झालं नाही' असंच म्हणतात, फक्त आवाज चढवून, हो ना? तो चढ त्याने कधी ऐकलेलाच नाही. मग तो पुसायचा आणि राहिलेलं वाक्य पुढे द्यायचं. मी काल सगळं बीज चाळलं. चारशे तास, आठ माणसं, आणि एकाने एकदाही दुसऱ्याला 'जेवलास का' विचारलेलं नाही. असं कुठलं घर असतं?"

केळुसकरांनी चष्मा पुसायला घेतला.

"चाचणीत कसं नाही सापडलं?" इरावतीने विचारलं.

"चाचणीची वाक्यं मी त्याच बीजातून काढली होती."

"वा! पेपर काढणारा तोच, कॉपी पुरवणारा तोच," ती म्हणाली. मग तिला ते बोलल्याचं वाईट वाटलं. "उद्या चौकशी आहे. समितीपुढे फक्त मराठी नोंद जाणार. मुलीचं नाव परिचारिकांच्या यादीतून कायमचं जाईल."

*

सुमली वसतिगृहाच्या पायरीवर बसली होती. केळुसकरांनी तिला दुभाष्या काढून ठेवायला सांगितलं आणि कोडरीत बोलायला सुरुवात केली. ती एवढ्याही परिस्थितीत हसली.

"सर, तुमची कोडरी दुखवट्यातली आहे. हळू, सपाट. आमच्या गुरूसारखी."

"गुरू असा बोलतो, हे तुम्हाला कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आम्हाला वाटलं, त्याच्या घरी कुणीतरी गेलंय."

"सहा वर्षं?"

"फार मोठं माणूस असेल, असं म्हणायचो."

"मग कुणाला सांगितलं का नाही? शंका का नाही विचारल्या?"

सुमलीने त्यांच्याकडे, लहान पोराला समजवावं तसं पाहिलं. "दुखवट्यातल्याला विचारतात का, सर? शंका आम्ही एकमेकांना विचारायचो. मागच्या बाकावर." मग ती म्हणाली, "त्या माणसाला मी विचारलं होतं. आईशप्पथ विचारलं होतं."

"माहीत आहे मला."

"मग उद्या सांगाल?"

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही ठरवता आलं नाही.

*

समितीच्या अध्यक्षांनी मूळ आवाज ऐकला, इरावतीचं आणि सुमलीचं म्हणणं ऐकलं आणि केळुसकरांकडे वळले.

"ज्या घरात तुम्ही ध्वनिमुद्रण केलंत तिथे दुखवटा होता, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. दुखवट्याचं त्यांच्या कानावर घालणारा, म्हणून त्यांना खोटं ठरवू शकणारा एकच माणूस होता, त्या घराचा कर्ता बुधा आज्या. तो मागच्या वर्षी वारला.

"माहीत होतं," केळुसकर म्हणाले. "त्यामुळे बोलण्यात काय फरक पडतो, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पीक येईपर्यंत थांबावं लागलं असतं."

सुमलीवरचा ठपका निघाला. दुपारी चार वाजता यंत्रगुरू बंद करण्यात आला. कोडरी माध्यम तीन महिन्यांत पुन्हा उभं राहिलं नाही तर अकराशे चाळीस जणांना मराठीत पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. केळुसकरांनी समितीला शब्द दिला : नवं बीज देतो. आता खोऱ्यात जायचीही गरज नाही. मुलं इथेच आहेत, मागच्या बाकावरचे सगळे प्रश्न त्यांच्याकडे आहेत.

संध्याकाळी ते ध्वनिमुद्रक घेऊन वसतिगृहात गेले. दाराला पळसाची फांदी उलटी टांगलेली होती. आत साठेक मुलं भिंतींना टेकून बसली होती, आणि सगळी हळू, सपाट आवाजात बोलत होती.

"गुरू गेला, सर," सुमली म्हणाली. "सहा वर्षं शिकवलं त्याने. घरचाच होता."

नवं पीक घरात यायला अजून सात महिने होते. केळुसकरांनी ध्वनिमुद्रक सुरू केला नाही. चपला काढल्या आणि भिंतीपाशी जाऊन बसले.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या सकाळी बुधा आज्याच्या दारालाही पळसाची उलटी फांदी होती. केळुसकरांनी यंत्रांची पिशवी तिलाच अडकवली होती.