सारिका खोतांची अर्धशिशी

कृष्णाकाठच्या कर्करोग संशोधन केंद्रात प्रत्येक रुग्णाचं यकृत दोन ठिकाणी असे. एक त्याच्या पोटात आणि दुसरं डॉ. शमा तांबोळींच्या प्रयोगशाळेत. हे दुसरं जेमतेम नखाएवढं. रुग्णाच्याच पेशी काचेच्या तबकडीवर वाढवून शमाने ते तयार केलेलं असे आणि त्याला ती 'यकृतिका' म्हणे. नवं औषध आधी यकृतिकेला पाजायचं, ती त्याचं काय करते ते बघायचं आणि मगच रुग्णाच्या हातात गोळी ठेवायची, असा तिथला शिरस्ता होता.

यकृतिका आजवर चुकली नव्हती. सारिका खोतांच्या बाबतीत मात्र ती सपशेल तोंडावर आपटली.

सारिका खोत एसटीत वाहक होत्या. बस आपली आपण चालायला लागल्यावर चालक घरी बसले, वाहक मात्र राहिले, कारण खिडकीच्या जागेवरून भांडणारे प्रवासी कुठल्याच यंत्राला आवरेनात. सारिकाताईंच्या स्तनातला कर्करोग फुप्फुसापर्यंत पोचला होता. 'निरोधिनी' नावाची चाचणीतली नवी गोळी तेवढी द्यायची राहिली होती, आणि त्यांच्या यकृतिकेने तर निरोधिनीचा तासाभरात चुराडा केला. म्हणजे उपयोग शून्य. तरी दुसरा उपायच नव्हता म्हणून शमाने हट्टाने गोळी सुरू करायला लावली. उन्हाळा सरेपर्यंत गाठी निम्म्या झाल्या.

सगळे खूश झाले. शमाही झाली, पण तिच्या डोक्यात भुंगा शिरला. विभागप्रमुख डॉ. उपळेकर जिभेचे तिखट. एक तर तुझी यकृतिका खोटं बोलतेय नाहीतर त्या बाई, असं म्हणून ते मोकळे झाले.

शमाने सारिकाताईंना बोलावून घेतलं. दुसरं कुठलं औषध चालू आहे का, हा प्रश्न त्यांना आधी दोनदा विचारून झाला होता आणि दोन्ही वेळा उत्तर नाही असंच आलं होतं. या वेळी शमाने औषधाचं नावच काढलं नाही. दिवस कसा जातो तेवढं विचारलं. सारिकाताई खुलल्या. ऊन, हॉर्न, माणसांची कलकल, आणि मग दिवसाआड उठणारी अर्धशिशी. डावी बाजू अशी ठणकते की दिव्याकडे बघवत नाही, हे त्यांनी सांगितलं. मग काय करता, असं शमाने विचारलं, तेव्हा कळलं की डेपोच्या महिला विश्रांतिगृहात खुंटीला एक पिशवी असते. डोकं, पित्त, कंबर, ज्याची त्याची गोळी तीत असते. लागेल तिने घ्यायची, संपवेल तिने आणून भरायची.

"मग आम्ही विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही माझी औषधं विचारलीत, मॅडम. पिशवी डेपोची हाय."

शमाला हसावं की रडावं कळेना. त्याच दिवशी तिने पिशवीतली डोकेदुखीची गोळी मागवली, विरघळवून यकृतिकेला पाजली आणि वरून निरोधिनी दिली. तासाभरात नाहीशी होणारी निरोधिनी दुसऱ्या दिवशीही जशीच्या तशी होती.

"यकृतातलं एक विकर निरोधिनीला फोडतं, सर," तिने उपळेकरांना सांगितलं. "डोकेदुखीची गोळी फोडायचं कामही त्याच विकराचं. पण ती त्याला अशी चिकटते की दोन दिवस त्याला दुसरीकडे बघायला सवड मिळत नाही. तोवर निरोधिनी रक्तात मोकळी फिरते."

"म्हणजे पोलीस एकाच वाटसरूची झडती घेत बसलाय आणि चोर निसटतोय."

"चोर आपल्या बाजूचा आहे, सर."

उपळेकर हसले नाहीत. एकत्र देऊ नयेत अशा या दोन गोळ्या, आणि नियमाने अशा रुग्णाला चाचणीतून काढावं लागतं. त्यांनी विचारलं, मग निरोधिनीचीच मात्रा वाढवली तर? शमाने तेही करून पाहिलं होतं. फुटलेल्या निरोधिनीचे तुकडे मूत्रपिंडाला विषारी होते, म्हणजे जितकी मात्रा जास्त तितकं विष जास्त. विकर अडवणारी दुसरी औषधंही तिने यकृतिकेवर एकेक करून तपासली. काहींना विकराने जुमानलं नाही, काहींनी पेशीच मारल्या. सारिकाताईंच्या यकृताला चालेल अशी डेपोची गोळी तेवढी होती. उपळेकर कुरकुरत उठले आणि चाचणीच्या समितीशी भांडून परवानगी घेऊन आले. तिखट माणूस, पण त्या दिवशी शमाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

जे चाललंय ते तसंच चालू द्या, दुखेल तेव्हा गोळी घ्या, असं शमाने सारिकाताईंना सांगितलं. लागू पडलेल्या गोष्टीला हात लावायची तिला भीती वाटली, आणि तिथेच तिचं चुकलं.

दिवाळीनंतर सारिकाताई आल्या त्या हसतच. डोकेदुखी गेली होती. साफ गेली होती. सोळाव्या वर्षापासून मागे लागलेली पीडा उपचारांत पाळी थांबली आणि तिच्याबरोबर निघून गेली. "भाच्याच्या वरातीत नाचले, मॅडम," त्या म्हणाल्या. "वाजंत्र्यांच्या पुढ्यात."

शमाने लगेच त्यांचं रक्त तपासलं. निरोधिनी औषधापुरतीही नव्हती. स्कॅनमध्ये एक गाठ पुन्हा फुगू लागली होती. निरोधिनीने अंडाशय थंडावले, संप्रेरकांची चढउतार थांबली, अर्धशिशी गेली, अर्धशिशीबरोबर गोळी गेली आणि गोळी गेल्यावर निरोधिनीला वाली उरला नाही. निरोधिनीने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

उपाय सोपा होता. डोकं दुखो न दुखो, दिवसाआड गोळी घ्यायची. पण उपळेकरांनी मान हलवली. ही गोळी अशी सतत घेतली की तीच डोकं दुखवायला लागते, हे कुठलाही डॉक्टर जाणतो. आणि त्या दुखण्यावर आणखी गोळी द्यायची सोय नाही, कारण दुखणं गोळीचंच.

हे सांगायचं काम शमावर आलं. तिने काही लपवलं नाही. सारिकाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस दुखंल?"

"गोळी चालू आहे तोवर."

"आणि गोळी?"

"निरोधिनी लागेल तोवर."

 म्हणजे जन्मभर, हे सारिकाताईंना समजलं.

"कॅन्सर मला कधी दुखलाच न्हाई, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "आयुष्यभर दुखलं ते डोकंच. आत्ता कुठं सुटले होते." त्यांचे डोळे भरून आले. शमाने त्यांचा हात हातात घेतला आणि निर्णय तुमचा आहे, नाही म्हणालात तरी मी तुमच्याबरोबर आहे, असं सांगितलं. सारिकाताईंनी पदराने तोंड पुसलं.

"द्या गोळी. डोकेदुखीची सवय हाय मला. मरायची न्हाई."

पुढचे आठवडे शमाला अन्न गोड लागेना. मधल्या काळात सारिकाताईंच्या यकृताने विकराचा साठा वाढवून ठेवला होता. गोळी पहिल्यासारखी पकड घेईल का, याची खात्री यकृतिकाही देईना. रक्ताच्या दोन तपासण्यांत निरोधिनी नावापुरतीच निघाली. गोळी अंगात मुरली तर डोकं दुखेल, आणि डोकं दुखतंय का म्हणून विचारलं की सारिकाताई अपराध्यासारख्या नाही म्हणत.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. मागे बस सुटायची घोषणा चालली होती.

"मॅडम, उठल्यापासून दुखतंय. डावी बाजू. दिव्याकडं बघवंना."

"खूप दुखतंय?"

"लई." त्या हसत होत्या की रडत, शमाला ओळखता येईना. "लई दुखतंय बघा."

शमा खुर्चीत बसली. ताबडतोब रक्त तपासायला या, एवढं तिने त्यांना सांगितलं. एका माणसाची वेदना ऐकून तिला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटत होती.