ब्रेकनंतर बोलू, काका

माझं आयुष्य पनवेलच्या एका वाचनालयात पुस्तकांची देवघेव करण्यात गेलं. स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. त्यामुळे रचून सांगणं मला जमणार नाही. घडलं तेवढंच लिहितो. त्यातही माझं काही चुकत असेल, पण खोटं काही नाही.

गेल्या जानेवारीतला शुक्रवार. बाजारामागची आमची दुमजली इमारत. माझ्या भिंतीपलीकडे जुडाह राहायचा. चाळीस वर्षांचा शेजार. तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. बायको वारलेली, मुलगी ओर्ली तिकडे इस्रायलमध्ये.

शुक्रवारी सूर्य मावळला की त्याचा शब्बाथ, म्हणजे काहीही काम न करण्याचा दिवस, सुरू. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत तो दिव्याच्या बटणालाही हात लावत नसे. मोबाइल बंद करून कपाटात. पण रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम त्याला हवा असे, म्हणून संध्याकाळीच रेडिओ लावून ठेवायचा. हे त्यांच्या नियमात बसतं का, ठाऊक नाही. जुडाहच्या नियमात बसायचं. साडेबाराला कार्यक्रम संपला की मी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून रेडिओ बंद करून यायचो. त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

त्या दुपारी जिन्यात भेटला.

"गुरू, काल घड्याळ लावून बसलो होतो. बाई बोलली सहा मिनिटं, जाहिराती अकरा मिनिटं."

"मग ऐकतोस कशाला?"

"तुझ्यासारखा पुस्तकात तोंड खुपसून बसू? ती निदान हसते तरी."

ते आमचं शेवटचं बोलणं. म्हणजे... असं मी समजतो.

रात्री बारा वाजून दहा मिनिटं. माझाही रेडिओ चालू होता.

"पनवेलहून जुडाहकाका फोनवर आहेत," निवेदिका म्हणाली.

मी पुस्तक खाली ठेवलं. शुक्रवारी? फोन?

तेवढ्यात... खोकला. त्याचाच.

"काका, आधी तुमचा रेडिओ बंद करता का? आवाज घुमतोय."

"आज हात लावता येत नाही, बाई... शेजारी गुरू आहे. त्याला सांगा."

"बरं. ब्रेकनंतर बोलू, काका."

जाहिराती लागल्या.

मी उठायला हवं होतं.

पण मला वाटलं, त्यानं शब्बाथ मोडलाय. मुलीची आठवण आली असेल, एकटं वाटलं असेल. आत्ता गेलो तर मला कळलंय हे त्याला कळणार. खजील होईल बिचारा. ब्रेक तरी संपू दे.

द्रोणागिरीतले फ्लॅट. गुडघेदुखीचं तेल. सोन्याचं दुकान. पुन्हा फ्लॅट.

भिंतीपलीकडूनही तेच ऐकू येत होतं... किंचित मागून.

साडेबारा झाले. जाहिराती.

पाऊण झाला. जाहिराती.

उरणकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्या रात्रभर ऐकू येतात. त्या रात्री एकही नाही.

एक वाजला, तेव्हा मी किल्ली उचलली.

जुडाह खुर्चीत होता. मान छातीवर. शब्बाथचा दिवा तेल संपून विझलेला.

"जुडाह."

हात गार लागला.

काय करावं सुचेना. सवयीनं मी त्याचा रेडिओ बंद केला.

शांतता.

आणि मग... भिंतीपलीकडून, माझ्या घरातून, निवेदिकेचा आवाज.

"हां काका, आता नाही घुमत. बोला."

आणि जुडाह बोलू लागला.

खुर्चीतला जुडाह हलला नव्हता.

शब्द कळेनात. फक्त ती घोगरी, सावकाश लय. मधे एकदा 'गुरू' ऐकल्यासारखं वाटलं. मी धावलो. या वयात जेवढं धावता येतं तेवढं. माझ्या दारात पोचलो, तर...

सोन्याचं दुकान. घडणावळीवर सूट.

डॉक्टर म्हणाले, आठच्या सुमाराला गेले असावेत. मोबाइल कपाटातच होता, बंद.

रेडिओवाल्यांना फोन करायला मला चार दिवस लागले. तीनदा नंबर फिरवून ठेवून दिला. तिथली मुलगी म्हणाली, "काका, त्या रात्री पनवेलचा एकही कॉल नव्हता. आणि आमचा इतका मोठा ब्रेक नसतोच."

ओर्ली आली तेव्हा तिनं विचारलं, "गुरूकाका, डॅडी शेवटी काही बोलले का हो?"

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टर 'असावेत' म्हणाले होते. हात गार होता, हे खरं. पण थंडीचे दिवस होते, आणि माझेच हात गार पडले होते.

लोकांना वाटतं, मला भुताच्या भीतीनं झोप येत नाही. तसं नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी फोनवर होता तो मेलेला जुडाह होता, एवढंच कुणीतरी मला खात्रीनं सांगावं.