बावीस सेकंद

या, अशा जवळ येऊन बसा. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरका, कारण या गोष्टीतली मुलगी फार हळू बोलते आणि फारच कमी बोलते. मुलगा मात्र शेजारच्या गल्लीत बसलात तरी ऐकू येईल. गोड गोष्ट सांगते. प्रेमाचीच आहे, पण ऐकताना तुमचंही डोकं फिरेल. माझं फिरलं होतं… मुलगी माझी सख्खी भाची, म्हणून सगळं आतून ठाऊक.

तर भाची रुग्णालयात नर्स. परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयाचं नेमणूकपत्र तिच्या कपाटात पडून होतं. अट एकच. इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत नऊपैकी सात गुण हवेत. ऐकण्यात आठ, वाचण्यात साडेसात, लिहिण्यात सात. बोलण्यात मात्र साडेसहा. एकदा नाही, दोनदा! पत्राची मुदत संपायला दहा आठवडे उरले होते, आणि तिसऱ्या खेपेला अडली तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

इंग्रजी येत नव्हतं असं नाही हो. अडचण वेगळीच होती. बोलण्याच्या परीक्षेत एक कार्ड देतात, एक मिनिट विचाराला देतात आणि मग सलग दोन मिनिटं बोलायचं असतं. आणि आमची बाई आठ वर्षं वॉर्डात! ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती द्यायची ती कशी? नेमकी, फापटपसारा नाही. तीच जिभेला सवय. ‘तुमच्या आवडत्या व्यक्तीबद्दल सांगा’ असं कार्ड आलं, तर ही इंग्रजीत म्हणाली, “माझे वडील. वय चौसष्ट. निवृत्त शिक्षक. साखर आटोक्यात. स्वभाव शांत. धन्यवाद.”

बावीस सेकंद! उरलेला वेळ परीक्षक आणि ही एकमेकांकडे बघत बसले.

घरी हे कळल्यावर माझे मेव्हणे दोन दिवस फुगून होते. “चौसष्ट वर्षं जगलो, त्यात साखर तेवढी लक्षात राहिली!” आणि माझी बहीण म्हणाली, “तुझ्यापेक्षा तुझा थर्मामीटर जास्त बोलतो गं.”

म्हणून मग शिकवणी लावली. एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वर्ग होता. पहिल्याच दिवशी, बाहेर पावसाची बारीक झड, छत्री ठिबकतेय, ड्यूटी संपवून धावतपळत आलेली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्टनं मान टाकली.

तिनं घंटा दाबली. थोड्या वेळानं वरून आवाज आला.

“आत कोण आहे?”

“मी.”

“मी म्हणजे?”

“नर्स. एकटी. श्वास व्यवस्थित. घाबरलेली नाही. उशीर होतोय.”

बाहेर कोणीतरी मोकळं हसलं. “वा! असा हिशेबी माणूस पहिल्यांदाच अडकला. मी लिफ्टचा मेकॅनिक. काळजी करू नका, सिस्टर. तुमच्या पायाशी फरशीला एक टवका उडालाय बघा, तो मागच्या वर्षी एका कपाटानं उडवला. त्या कपाटाची गंमत सांगतो…”

“गंमत नको. लिफ्ट उघडा.”

“उघडतोय ना! हात काम करतायत. तोंड रिकामंच आहे.”

“त्यालाही विश्रांती द्या.”

“ते जमत नाही, सिस्टर. जन्मतःच ब्रेक नाही.”

बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत तिला कपाटाची गंमत, कपाटाच्या मालकाची गंमत आणि मालकाच्या मांजराची गंमत ऐकावी लागली. शेवटी दार सरकलं. वरच्या मजल्याची जमीन तिच्या छातीशी आली होती. तिथे तो गुडघ्यांवर वाकलेला, गालावर काळ्या वंगणाचा ओरखडा, आणि डोळे… असे की, ओरडायचं ठरवलेलं विसरावं.

“द्या हात,” तो म्हणाला.

तिनं हातात फाइल दिली.

त्यानं ती अदबीनं बाजूला ठेवली आणि पुन्हा तळहात पुढे केला. “आता हात.”

हात दिला. वर आली. आभार मानले, तेही एका शब्दात, आणि जिन्यानं पळाली.

वर्गात एकच जोड-बाक रिकामा होता. ती टेकते न टेकते तोच दार उघडलं. हात पुसत, ओला रुमाल खिशात कोंबत, तोच! तिच्या शेजारी येऊन बसला. “सिस्टर! तुम्हीपण? त्या मांजराचं राहिलंच…”

अरे देवा, असं ती मनात म्हणाली असेल. देवानं ते ऐकलं, आणि बहुधा तोही हसला.

या गड्यालाही परीक्षा द्यायची होती. त्याच्या कंपनीचं काम त्याच देशात होतं आणि मेकॅनिकला सहा गुण पुरत होते. पण तो बोलायला लागला की दोन मिनिटं संपली तरी विषयाच्या दारातच उभा असायचा. वर्गात त्याचं नाव ‘रेडिओ’. हिचं नाव आठवड्याभरात पडलं, ‘बावीस सेकंद’.

सर वयस्क, गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ. त्यांनी दोघांचंही ऐकलं, चष्मा काढला आणि कपाळ चोळलं. “तुमच्या दोघांची सरासरी काढता आली असती, तर मी आत्ताच पास केलं असतं. आजपासून सराव जोडीनं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं परीक्षक व्हायचं. परीक्षकानं मान डोलवायची नाही, मदत करायची नाही. वेळ संपली की थांबवायचं. बस.”

झालं. दिवसाआड वर्गाआधी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर सराव सुरू झाला, खिडकीच्या गजांमधून पावसाचे तुषार आत येत, मधे त्याची हत्यारांची पेटी.

“थांबा,” ती म्हणे. “दोन मिनिटं झाली.”

“एवढं वाक्य पुरं करतो.”

“तुमचं वाक्य संपत नाही. त्याला फाटे फुटतात.”

“बरं, सिस्टर.”

“आणि सिस्टर म्हणू नका! सिस्टर पेशंट म्हणतात.”

“मग काय म्हणू?”

ती गोंधळली. “…काही म्हणू नका.”

“काही न म्हणता मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे,” तो म्हणाला, आणि बघत राहिला. तिनं घड्याळाची कळ दाबली. घड्याळ आधीच बंद होतं.

एकदा तिनं वैतागून विचारलंच. “तुम्हाला गप्प बसताच येत नाही का हो?”

तो पहिल्यांदा थोडा थांबून बोलला. “पूर्वी बसायचो. एक म्हातारे गृहस्थ अडकले होते. मी मान खाली घालून काम केलं, अकरा मिनिटांत दार उघडलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. पाहतो तर ते आत रडत होते. म्हणाले, कोणी आलंच नाही असं वाटलं रे… मी दोन हातांवर होतो त्यांच्यापासून! तेव्हापासून दार बंद असेल तर मी बोलत राहतो.”

मग ती स्वतःहून म्हणाली, “माझं उलट आहे. पहिल्या वर्षी पुढच्या नर्सला एका आजींबद्दल सांगताना, त्यांना खिडकीजवळची खाट आवडते, असं बोलून गेले… आणि पुढचं बोलता येईना. खाट सकाळीच रिकामी झाली होती. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आकडे सांग, आकड्यांना गळा भरून येत नाही. तेव्हापासून आकडेच.”

पूर्वरंग संपला बरं का. आता इथून मन द्या.

त्या दिवसापासून त्यानं युक्ती काढली. अडकलेल्या माणसाला मोठं काही विचारायचं नाही, बारीक विचारायचं. “वडिलांबद्दल नका सांगू. वडील चष्मा कुठे विसरतात, ते सांगा.” ती म्हणाली, फ्रिजमध्ये. “का?” आणि मग का ते सांगता सांगता चाळीस सेकंद झाले. पुढच्या आठवड्यात सत्तर. मग शंभर. मेव्हण्यांचा चष्मा, त्यांच्या चपला, त्यांचं खोटं खोटं घोरणं… कार्डावरचे वडील जिवंत व्हायला लागले.

परीक्षेला चार दिवस उरले, सराव आता रोजचा झाला होता. ती बोलत होती, डोळे मिटून, अगदी लयीत. एक मिनिट पन्नास… आणि हा बहाद्दर टाळी वाजवून ओरडला, “जमलं! दहाच सेकंद! सोडू नका!”

तार तुटली. एक शब्द पुढे सुचेना.

“परीक्षकानं बोलायचं नसतं!” ती उठलीच. “किती वेळा सांगायचं? माझं पत्र जाईल, नोकरी जाईल, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय! परीक्षा होईपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलू नका!”

त्याचं तोंड उघडलं, आणि मिटलं.

आणि हो, तो खरंच बोलला नाही! पुढचे तीनही दिवस वेळेवर आला, घड्याळ धरून बसला, दोन मिनिटं झाली की बोट वर करायचा. तिनं “पाऊस वाढलाय” म्हटलं, त्यानं खिडकी लावली. “रागावलात का?” म्हटलं, मानेनं नाही. “अहो, मी रागाच्या भरात बोलले!” तर ओठांवर बोट. बोलणारा माणूस छळतो, ते तिला ठाऊक होतं. गप्प बसलेला त्याच्या दसपट छळतो, हे नवीन होतं. घरी येऊन तिनं माझ्या बहिणीला सांगितलं, “आई, तो मुद्दाम करतोय!” बहीण म्हणाली, “तूच सांगितलंस ना? मग जेव.”

परीक्षेच्या दिवशी दोघं एकाच खोलीबाहेर बसले होते. हिचा नंबर आधी, त्याचा पाठोपाठ. दार उघडलं. तिनं वळून पाहिलं. त्यानं फक्त तळहात पुढे केला, त्या दिवशी लिफ्टच्या दारात केला होता तसा. मग मागे घेतला.

आत कार्ड आलं. ‘तुम्हाला कुठे तरी वाट पाहावी लागली, त्या प्रसंगाबद्दल सांगा.’

मिनिट संपलं. आणि जीभ जुन्या वळणावर गेली. इंग्रजीत म्हणाली, “लिफ्ट. दुसरा आणि तिसरा मजला. बारा मिनिटं. दुखापत नाही.”

मग गप्प. परीक्षक बाई समोर, चेहरा पाटीसारखा कोरा. घड्याळ चालू. खोली बंद. बाहेर कोणाचाच आवाज नाही… आणि तिला त्या म्हाताऱ्या गृहस्थांची आठवण झाली. कोणी आलंच नाही असं वाटणं म्हणजे काय, ते कळलं.

“पण,” ती म्हणाली, “दाराबाहेर एक माणूस बोलत होता.”

आणि सुटली! फरशीचा टवका, कपाट, मांजर. वंगणाचा ओरखडा. पुढे केलेला हात, आणि आपण दिलेली फाइल. तो किती डोकं उठवतो, आणि तीन दिवस बोलला नाही तर सगळी इमारत कशी बंद पडल्यासारखी वाटते. “मी दार उघडायची वाट बघत होते असं मला वाटायचं,” ती इंग्रजीत म्हणाली, “पण मला वाटतं, त्यानं बोलतच राहावं म्हणून मी तेव्हापासून—”

“धन्यवाद,” परीक्षक बाई म्हणाल्या. “वेळ संपली.”

“नाही, एवढं वाक्य पुरं करते!” असं आमची भाची म्हणाली. बावीस सेकंदवाली!

ती बाहेर आली तर तो आत जात होता. अर्ध्या तासानं तो बाहेर आला तेव्हा ती पत्र्याच्या छपराखाली उभी होती. वरून पावसाचा नुसता टाळ चालला होता.

“परीक्षा झाली. आता बोला,” ती म्हणाली.

“काय कार्ड होतं?”

तिनं सांगितलं, कार्डही आणि आपण काय बोललो तेही, अगदी तुटलेल्या वाक्यापर्यंत.

“आणि ते वाक्य?” त्यानं हळूच विचारलं.

“…ते तुम्हाला कळलंय.”

आता हा रेडिओ किती बोलेल, म्हणून तिनं जीव मुठीत धरला. तो मात्र ताठ उभा राहिला, ड्यूटीवरच्या नर्ससारखा.

“पुरुष. वय एकोणतीस. त्या लिफ्टपासून झोप नाही. मन ठिकाणावर नाही. बरा होण्याची इच्छा नाही.” थांबला. “पुढच्या सिस्टरनं ताबा घ्यावा, ही विनंती.”

“सिस्टर म्हणू नका,” ती म्हणाली, आणि या खेपेला फाइल नाही, हातच दिला.

निकाल तेरा दिवसांनी लागला. तिला बोलण्यात साडेसात! मेव्हण्यांनी फ्रिजमधून चष्मा काढून तो आकडा दोनदा वाचला. आणि त्याला? साडेपाच. अहो, होणार काय दुसरं! तीन दिवस तोंड बंद ठेवलेलं. परीक्षकांनी कार्ड दिलं ‘आवडतं पुस्तक’, आणि तीन दिवसांचा साठलेला लोंढा असा फुटला की पुस्तकाचं नाव येण्याआधीच वेळ संपली.

“तुमच्यामुळे!” तो म्हणाला.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

ती गेली. जावंच लागलं, मुदत संपत होती. आता रोज ड्यूटीवर जाण्याआधी ती फोन लावते, आणि तो इकडे कोणत्यातरी बंद लिफ्टपाशी हत्यारांची पेटी उघडून दोन मिनिटं सराव करतो. ती घड्याळ धरते. परीक्षकानं बोलायचं नसतं, म्हणून बोलत नाही. पण दोन मिनिटं झाली तरी हल्ली थांबवतही नाही, हीच तर पंचाईत आहे! मी ओरडले तिच्यावर. म्हणाली, “मावशी, तिथे रात्री खोलीत फार शांत असतं गं.”

येत्या शनिवारी सकाळी त्याची परीक्षा आहे. तेव्हा तुम्हाला एक मागणं आहे. शनिवारी हात जोडाल तेव्हा माझ्या भाचीची आठवण नाही काढलीत तरी चालेल, ती पोहोचली. बंद दाराबाहेर उभं राहून बोलत राहणाऱ्या त्या पोराची आठवण काढा. आणि देवाला माझ्या वतीनं एवढंच सांगा, बाबा रे, फक्त दोन मिनिटांवर त्याला गप्प कर. पुढे आयुष्यभर बोलू दे.