मोजणीतली एक घडी

"अक्का, उद्या कोर्टात तू डॉक्टरच्या बाजूनं उभी ऱ्हानार, हे खरं हाय का?" बंडप्पानं ताटावरून उठतच विचारलं आणि नागम्माचा घास हातातच राहिला.

समन्स तिच्याच नावानं आलं होतं... डॉक्टरांची साक्षीदार म्हणून.

"तुझ्या भावजयीची कूस गेली, अक्का! पोटात कापड ठिवून शिवलं त्यांनी. आन् तू अजून त्यांच्याच दवाखान्यात कामाला जातीस! आईच्या जागी मानलं व्हतं तुला..." तो तसाच उंबरा ओलांडून गेला.

अठराव्या वर्षी कपाळ उजाड झालं तेव्हा नागम्मा माकणीला माहेरी परतली, ती आईबापाविना उरलेल्या या भावासाठी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून हात सोलले होते. तेव्हा डॉक्टरांनीच तिला दवाखान्यात घेतलं, शिकवून नर्स केलं. तिच्या पगारावर बंडप्पा शिकला, सोसायटीत सचिव झाला. ते उपकार विसरायचे तरी कसे?

पण तिचं काळीज कुरतडत होते ते उपकार नव्हेत...

भावजयीचं, शिवगंगाचं, बाळंतपण अडलं आणि पोट फाडावं लागलं, त्या दिवशी मुलगी सुखरूप निघाली होती. रक्त टिपायच्या जाळीच्या घड्या मोजायचं काम नागम्माचं. तिनं दोनदा मोजल्या. एक कमी! "साहेब, एक घडी भरत नाही," ती चाचरत म्हणाली. "पडली असेल खाली कुठं तरी. मला शिवू द्या!" डॉक्टर खेकसले. आणि नागम्मानं... स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं, 'मोजणी बरोबर'!

पुढं सहा महिने शिवगंगा तापानं फणफणली. "वन्सं, आत काय तरी टोचतंय हो!" म्हणून कळवळायची, आणि नागम्मा तिला तापाची गोळी देऊन म्हणायची, "बाळंतवात असंल, जाईल." अखेर सोलापूरला पोट पुन्हा उघडलं. सडलेलं कापड निघालं, त्याच्यासोबत गर्भाशयही गेलं.

दुसऱ्या दिवशी उस्मानाबादच्या कोर्टात नागम्मा पिंजऱ्यात उभी राहिली. समोर डॉक्टर, बाजूच्या बाकावर बंडप्पा आणि मुलीला मांडीवर घेतलेली शिवगंगा.

"घड्या तुम्हीच मोजल्या?" डॉक्टरांच्या वकिलानं विचारलं.

"व्हय."

"बरोबर भरल्या ना?"

नागम्मानं गजांना घट्ट धरलं. "न्हाय, साहेब! एक कमी व्हती. मला ठाऊक व्हतं... तरी म्या खोटं लिहिलं!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. पुढं त्याच साक्षीवर दावा शिवगंगाच्या बाजूनं लागला, नागम्माची नोकरी मात्र साक्षीच्या दिवशीच गेली. पण त्या घटकेला तिला दिसला तो फक्त भावाचा पांढराफटक चेहरा. डॉक्टरांना शत्रू मानणाऱ्या त्या पोराला अपराधी आपल्या घरातच सापडला होता!

ती एकटीच स्टँडवर येऊन बसली. कुठल्या गाडीत चढायचं, तेच कळेना. थोड्या वेळानं शिवगंगा समोर येऊन उभी राहिली.

"सहा महिनं, वन्सं! गोळी देताना तुमचा हात थरथरला न्हाय?"

"थरथरत व्हता गं... पर तोंड उघडलं न्हाय माझं! मला मारलंस तरी चालंल, शिवगंगा..."

शिवगंगाच्या डोळ्यांना धार लागली. "लई राग आलाय मला तुमचा. जलमभर येत ऱ्हाईल. पर तुमाला हितं सोडून घरी गेले, तर भाकरी गोड लागायची न्हाय मला. उठा, गाडी लागली."

नागम्मा तिच्यामागून गाडीत चढली. बंडप्पा पुढच्या बाकावर खिडकीकडं तोंड करून बसला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. कंडक्टर जवळ आला.

"किती?"

बंडप्पानं खिशातून पैसे काढले. मग खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाला,

"माकणी... तीन द्या."